ताव जरा जास्तच झाला, मिस्त्री!

लातूरला एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी आजोबांचा कोयता घेऊन गेलो होतो. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेला, चांगला वजनदार. पात्याला मधोमध चीर गेली होती. मिस्त्रीने काळी काच डोळ्यांपुढे धरली, दोन मिनिटं चर्रर्र केलं, ग्राइंडर फिरवला आणि कोयता हातात दिला. आठवड्याने बाभळीच्या फांदीवर घाव घातला, तर कोयत्याचे दोन तुकडे!

गंमत म्हणजे जोड शाबूत होता. कोयता तुटला तो जोडाला अगदी लागून, जेमतेम दोन जव पलीकडे. त्याच्याही पलीकडे अंगठाभर धार मेणासारखी वाकली होती. मी तक्रार घेऊन गेलो, तर मिस्त्री शांतपणे म्हणाला, "माझा जोड तुटला का? नाही ना? मग बोला."

बोलणं खुंटलं खरं, पण डोक्यातला किडा काही जाईना. जोड टिकतो आणि शेजार मरतो, हे कसं? शोधत शोधत गेलो तो थेट बंदुकांपाशी पोचलो. कोयत्याला जो नियम, तोच बंदुकीच्या पोलादाला. फरक एवढाच, की कोयता फांदीवर तुटतो आणि बंदूक गालाजवळ फुटते. वाटेत जे सापडलं ते असं.

वेल्डिंग विजेच्या दिव्याहून जुनं

नांदेडच्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात संध्याकाळच्या आरतीनंतर संगतीला शस्त्रांचं दर्शन घडवतात. गुरू गोविंदसिंगांचा इथे १७०८ मध्ये अंत झाला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. जपलेल्या शस्त्रांत तलवारी, ढाल, धनुष्य आणि बाण आहेतच, शिवाय एक तोडेदार बंदूकही आहे. तोडा म्हणजे सतत धुमसत राहणारी वात. चाप ओढला की वात खाली झुकते आणि दारू पेटते.

त्या काळच्या तोडेदार बंदुकीची नळी कशी करत? लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची आणि घणाने तिच्या कडा एकमेकींत मुरवायच्या. म्हणजे वेल्डिंगच, फक्त वीज नाही. लोखंड बाराशे-तेराशे अंशांपर्यंत पांढरंफेक तापवायचं, त्यावर वाळू किंवा टाकणखार भुरभुरायचा म्हणजे वरची खपली वितळून वाहून जाते, आणि मग दणादण घाव. हुशार कारागीर पट्टी सरळ न गुंडाळता दोरीच्या पिळासारखी तिरकी गुंडाळत. सरळ जोड बाराच्या दाबाने उभा उकलतो. पिळाचा जोड नळीभोवती फिरत जातो, त्यामुळे त्याला उकलायला सरळ वाटच मिळत नाही.

याच पद्धतीने तोफाही झाल्या. तंजावरची घडीव लोखंडी तोफ सुमारे बावीस टनांची आहे. ती ओतलेली नाही, पट्ट्या आणि कड्या तापवून, ठोकून एकजीव केलेली आहे. मराठे तंजावरला पोचण्याआधी, नायकांच्या काळात ती घडली. उलट मलिक-ए-मैदान ही ओतीव, काशाची. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, परंड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. लोखंड घडवायचं, कासं ओतायचं, असा तेव्हाचा साधा हिशेब. एवढं लोखंड एका वेळी वितळवणारी भट्टीच इथे नव्हती.

मे महिन्यातला लातूर आणि वेल्डिंगची ठिणगी

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस. वेल्डिंगच्या ठिणगीचं सहा हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. मे महिन्यात औसा रोडवर उभा राहिलेला माणूस यावर विश्वास ठेवायचा नाही, पण आकडे खरे आहेत. पोलाद मात्र पंधराशेच्या आसपासच वितळतं. म्हणजे मिस्त्रीच्या हातात लागते त्याच्या चौपट आग असते. बोटभर जागेसाठी ती ठीक आहे, पण उष्णता काही तिथेच बसून राहत नाही. ती शेजारीपाजारी हिंडून येते.

सगळा गोंधळ या हिंडण्यातून होतो. जोडाला लागून असलेला भाग लाल होतो आणि आजूबाजूचं थंड लोखंड त्याची उष्णता झटक्यात ओढून घेतं. जणू कुणी त्याला पाण्यातच बुडवलं. तो भाग काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. त्याच्या पलीकडचा भाग तितका तापत नाही, पण पूर्वी दिलेलं पाणी उतरण्याइतका नक्की तापतो, आणि तो मऊ पडतो. माझ्या कोयत्याचं नेमकं हेच झालं. कडक भागात मोडला, मऊ भागात वाकला, आणि मिस्त्रीचा जोड मधे राजासारखा शाबूत बसला.

पोलादाला पाणी पाजतात म्हणजे काय करतात?

पाणीदार माणूस, पाणीदार घोडा, पाणी जोखणे. मराठीत पाणी म्हणजे तेज, दम. शस्त्राच्या पाण्यामागे मात्र चांगलंच रसायन आहे.

पोलाद म्हणजे लोखंडात मुरलेला थोडासा कार्बन. पोलाद ७२७ अंशांच्या वर गेलं की त्याच्या कणांची मांडणी बदलते आणि आत कार्बनला ऐसपैस जागा मिळते. हळूहळू निवू दिलं तर कार्बन बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. पण झटकन पाण्यात घातलं तर? नांदेड-लातूर एसटी डोळ्यांपुढे आणा. गाडी फलाटाला लागली, माणसं घुसली, आणि कुणाला उतरायची संधी न देता कंडक्टरने दार ओढून डबल बेल मारली. आत जी चेंगराचेंगरी, तोच पोलादाचा कडकपणा. अडकलेला कार्बन कणांना इकडेतिकडे सरकू देत नाही. धार टिकते, पण पातं काचेसारखं तडकायलाही तयार असतं.

म्हणून पाणी दिल्यावर पातं पुन्हा हलकं तापवायचं. दोन-चार प्रवासी उतरतात, बाकीचे जरा मोकळे होतात. पोलादाच्या अंगी कडकपणा राहतो आणि लवचीकपणाही येतो. बंदुकीचा घोडा, चाप, खटके आणि कमानी हे सगळं या दोन तापांच्या तोलावर उभं असतं. त्यातल्या एखाद्या भागावर कुणी वेल्डिंगचा टाका मारला, की तो तोल तेवढ्या जागी पुसला जातो. वरून काही दिसत नाही. कानस फिरवली की जोड दिसेनासा होतो आणि भाग नव्यासारखा वाटतो. म्हणूनच तो जास्त घातकी.

इंद्रधनुष्य वाचता आलं पाहिजे

पण पोलाद अगदीच मुकं नसतं. किती ताप सोसला ते अंगावर लिहून ठेवतं.

घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवत न्या. २२० अंशांच्या आसपास वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग चढतो. २४० ला सोनेरी, २६० ला तपकिरी, २८० ला पिकलं जांभूळ, ३०० ला मोरपिशी निळा. पुढे सगळं राखी. हा रंग म्हणजे ऑक्साइडचा इतका पातळ पापुद्रा, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत गुंततात. पावसात बसस्टँडवर डिझेल सांडलं की डबक्यावर जे रंग नाचतात, ते याच कारणाने.

वस्तऱ्याला पिवळा, छिन्नीला जांभळा, कमानीला निळा, हा कारागिरांचा जुना हिशेब. उंची घड्याळांचे निळे काटे आणि जुन्या उंची बंदुकांवरचे निळे स्क्रू हे रंगवलेले नसतात, तापवलेले असतात. आणि आपल्या बुलेटवाल्यांचा सायलेन्सर इंजिनजवळ निळा-सोनेरी पडतो ना, तोही हाच लेख. मालक बिचारा पॉलिश घासत बसतो.

जुन्या बंदुकीवर किंवा एखाद्या हत्यारावर भलत्याच जागी असं निळं-जांभळं वर्तुळ दिसलं, तर समजावं की इथे कुणीतरी आग खेळवली आहे.

गंजाने गंज रोखायचा

हा माझा सगळ्यात आवडता किस्सा. बंदुकीची नळी काळी-निळी दिसते, त्या लेपाला ब्ल्यूइंग म्हणतात. तो रंग नव्हे, तो गंजच, पण शहाणा केलेला. लाल गंज भुसभुशीत असतो, खात जातो. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, घट्ट चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. जुनी रीत अशी: नळीवर मुद्दाम लाल गंज चढवायचा, मग ती नळी उकळत्या पाण्यात सोडायची. लाल गंजाचा काळा होतो. वरची भुकटी खरवडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे बरेच हात झाले की मखमली काळा लेप तयार होतो. काट्याने काटा काढणं म्हणतात ते हेच.

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, खारांच्या गरम द्रावणात बुडवून अर्ध्या तासात काम होतं की. होतं. त्या द्रावणाचं तापमान साधारण १४० अंश असतं. पण जुन्या दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी शिसं-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. डाक वितळायला १८३ अंश लागतात, म्हणजे उष्णतेने काही बिघडत नाही. घात होतो तो त्या द्रावणातल्या कॉस्टिकने, कारण ते डाकच खाऊन टाकतं. निळाई सुरेख चढते, आणि नंतर कधीतरी पट्टी हातात येते. म्हणून दुनळीला आजही गंज-उकळीचाच संथ प्रकार.

वेल्डिंगपुढे मात्र यातला एकही लेप टिकत नाही. फौजी बंदुकांवरचा राखाडी फॉस्फेटचा थर तेलाला धरून राहतो, पण दोन-अडीचशे अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकातलं पाणीच उडून जातं. मग उरतो तो नुसता खडबडीतपणा. रंगाचे आधुनिक लेप सरळ जळतात, त्यांचा वासच सांगतो.

सोमवारचा ताप

लेप जळतो तेव्हा तो जातो कुठे? मिस्त्रीच्या छातीत. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडताना पांढरा धूर निघतो. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, म्हणजे खालचं पोलाद वितळायच्या कितीतरी आधी ते हवेत गेलेलं असतं. त्या धुराने संध्याकाळी अंग कसकसतं, थंडी भरते, तोंडाला धातूची चव येते, आणि एक-दोन दिवसांत ताप उतरतो. गंमत अशी, की रोज धूर खाणाऱ्याला आठवड्यात त्याची सवय होते आणि रविवारच्या सुट्टीत ती मोडते. म्हणून हा ताप सोमवारी जास्त. जगभर याला सोमवारचाच ताप म्हणतात. आपल्याकडे त्यावर गूळ आणि दूध. गूळ खावा, छानच लागतो, पण धुराशी त्याचं काही देणंघेणं नाही. दार उघडं ठेवावं आणि मास्क लावावा. कॅडमियमचा मुलामा असेल तर मात्र थट्टा नाही, त्याचा धूर जीव घेऊ शकतो.

मध्यरात्री काचकन

पावसाळ्यात जोडलेला जाड पोलादी तुकडा कधी कधी संध्याकाळी ठणठणीत असतो आणि सकाळी त्याला तडा गेलेला असतो. कुणी हात लावलेला नसतो. दोषी पाणीच, पण वेगळ्या रूपातलं. दमट इलेक्ट्रोडमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो, गरम पोलादात शिरतो आणि निवल्यावर आतच अडकून बसतो. कडक झालेल्या भागाला तो आतून पोखरतो. तडा जायला कधी कधी दोन दिवस लागतात. म्हणून चांगल्या कारखान्यांत इलेक्ट्रोड भट्टीत भाजून घेतात, पापडाला ऊन दाखवावं तसे.

वरच्या आळीतलं जगप्रसिद्ध पोलाद

नांदेडच्या पलीकडे तेलंगणात, निजामाबादकडे, कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो, म्हणजे वरची आळीच म्हणा. तिथल्या मुशीतून निघणारं पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येऊन बसत. गोल वड्या घेऊन जात, आणि त्यापासून लाटांच्या नक्षीची पाती होत. हेन्री व्हॉयसी नावाच्या डॉक्टर-भूगर्भतज्ज्ञाने तिथली रीत पाहून लिहून ठेवली. त्याचं टिपण तो गेल्यावर, १८३२ मध्ये छापून आलं.

या पोलादाने युरोपातल्या लोहारांची चांगलीच फजिती केली. त्यांनी सवयीप्रमाणे वडी पांढरीफेक तापवली, घाव घातला, आणि वडीचा चुरा झाला. कार्बन इतका जास्त, दीड टक्क्याच्या घरात, की लाल तावावरच तिला हळूहळू घडवावं लागतं. माल खोटा आहे अशी त्यांची समजूत झाली. खरं तर तावच जास्त झाला होता.

उन्हामुळे संशयात आलेल्या आठ लाख रायफली

ताव नेमका किती, हे लोहार डोळ्यांनीच ठरवत आला. एक युक्ती आहे खरी. ७७० अंशांच्या वर लोखंड लोहचुंबकाला दाद देत नाही. चुंबक चिकटायचं थांबलं, की पाणी द्यायची वेळ जवळ आली. पण बहुतेकांचा भरवसा रंगावरच.

अमेरिकेच्या सरकारी स्प्रिंगफील्ड कारखान्याचाही तोच. तिथे १९०३ च्या नमुन्याच्या रायफली होत. त्यांचा मुख्य सांगाडा तापवून घडवताना अनुभवी कारागीर रंग पाहून ताव ठरवत. मग पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रायफली फुटायला लागल्या. चौकशी झाली आणि तापमापक यंत्र लावून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. लख्ख उन्हाच्या दिवशी खिडकीतून उजेड आत येई, आणि त्या उजेडात लाल पोलाद फिकं दिसे. कारागिराला वाटे, अजून तापलं नाही. तो आणखी तापवे. ढगाळ दिवशीचा माल चांगला, उन्हाच्या दिवशीचा जळका! कोणत्या दिवशी कोणती रायफल झाली हे सांगायचं कसं? शेवटी आठ लाखांच्या खालच्या सगळ्याच क्रमांकांवर संशयाचा शिक्का बसला. त्यातल्या बहुसंख्य चांगल्याच असणार. पण कोणती चांगली हे बाहेरून ओळखू येत नाही, आणि ते कळायची एकच रीत उरते, ती कुणाला परवडणारी नाही.

स्वतःच स्वतःचा लेप

आता लातूर. इथल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०१८ मध्ये झाली आणि पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला बाहेर पडला. आज देशात रेल्वेचे डबे मुख्यतः स्टेनलेसचेच करतात. स्टेनलेसला ब्ल्यूइंग लागत नाही आणि फॉस्फेटही लागत नाही. त्यातलं क्रोमियम हवेशी मिळून स्वतःच न दिसणारा पापुद्रा धरतं आणि ओरखडा गेला तर तोही भरून काढतं. पण वेल्डिंगच्या तापाला तोही वचकून असतो. साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंशांत पोलाद फार वेळ रेंगाळलं, की क्रोमियम कार्बनच्या नादी लागतं आणि पापुद्र्याला पुरेसं उरत नाही. मग स्टेनलेसलाही गंज. उपाय म्हणजे ताव कमी आणि काम झटपट. शिवाय जोडाशेजारी उमटलेला निळा-सोनेरी पट्टा साफ करावा लागतो. तो दिसायला सुरेख, पण रोग लपवणारा.

मुकी करायचीच असेल तर

उलटा उपयोगही आहे. युरोपात संग्रहासाठी बंदूक कायमची निकामी करायची असेल, तर नियमाने ती वेल्डिंगनेच मुकी करतात. जोडण्यापेक्षा बिघडवण्यात वेल्डिंग जास्त भरवशाचं, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे बंदुकीची दुरुस्तीच मुळात परवान्याचं काम. १९५९ चा शस्त्र कायदा तसं स्पष्ट सांगतो, तेव्हा आजोबांची बारावाली भिंतीवरून उतरवून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे कुणी नेऊ नये. कोयता नेला तरी पुरे पस्तावतो माणूस, हे मी अनुभवाने सांगतो.

तर त्या कोयत्याचं पुढे काय झालं? अहमदपूरच्या रस्त्यावर लिंबाखाली घिसाड्याचं पाल पडलं होतं. मामा भाता मारत होते, मामी घण घेऊन उभ्या. मी दोन्ही तुकडे पुढे ठेवले. मामांनी मोठा तुकडा उचलला, जोडाशेजारचा निळा डाग नखाने खरवडला आणि हसले.

"यिजेवर जोडला का?"

"हो मामा. होईल का काही?"

"एवढा भाग तोडून टाकतो. चार बोटं आखूड होईल, चालंल का?"

म्हटलं चालेल. तापवून त्यांनी खराब भाग छिन्नीने उडवला. मामींचे घाव ठाण ठाण पडत गेले तसं पातं पुन्हा निमुळतं झालं. दुपारचे तीन वाजले होते, ऊन रणरणत होतं. मी म्हणालो, "आता पाणी पाजून द्या, मला लातूरची गाडी धरायची आहे."

मामांनी पातं बाजूला ठेवलं, डोक्यावरचं पागोटं सैल केलं आणि बिडी काढली.

"दिवस मावळू द्या की मालक. उन्हात मला त्याचा रंग दिसत न्हाई."